पालखी दारात आली तर? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून बरेच प्रश्न आलेत, त्यातले निम्मे शिमगा आणि गणपती या दोनच विषयांवर, म्हणजे कोकणात राहून ख्रिस्ताच्या मागे चालायचं तर घोडं नेमकं कुठे अडतं ते कळलंच. नावं संपादकांनी काढून टाकलीत, फक्त गावं ठेवलीत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी दापोली तालुक्यात किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये छोट्या छोट्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचे गट, उभ्या करायचं काम करतो, आणि पोटापाण्याला पंप-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे अर्धा गाव पास्टर म्हणतो आणि अर्धा वायरमन. दोन्हीला ओ देतो.

गुहागरहून एक बहीण लिहितात: पास्टरजी, मी आणि माझ्या मिस्टरांनी बाप्तिस्मा घेतलाय. गणपती सासऱ्यांच्या मूळ घरात असतो, चार भावांचा मिळून एकच. मोठे दीर म्हणाले पूजेला बसणार नसाल तर वाटा पण नको आणि तुम्ही पण नको. शिमग्याला पालखी येते तेव्हा आम्ही दार लावून आत बसतो, परवा मुलगा विचारत होता, आई आपण लपलोय का. काय करू?

ताई, मुलाचाच प्रश्न आधी घेतो कारण सगळ्यात नेमका तोच आहे. लपू नका. पालखी यायच्या आधी ढोल शेजारच्या वाडीतून ऐकू येतो, तुम्ही घरात आहात हे सगळ्यांना माहिती असतं, मग बंद दाराचा अर्थ लोक एकच काढतात, की यांना आता आपला विटाळ होतो. दार उघडं ठेवा, खळ्यात या. ओटी भरायची नाही, नारळ द्यायचा नाही, हात जोडायचे ते आलेल्या माणसांना जोडा, आणि पालखी नाचवून ज्या पोरांचे खांदे सुजलेत त्यांना कोकम सरबत द्या, चांगला मोठा टोप भरून करा, ऊन काय असतं त्या दिवसात तुम्हाला माहितीय. आमच्याकडे एका म्हाताऱ्या मानकऱ्याने पहिल्या खेपेला ग्लासाला हातसुद्धा लावला नव्हता. पुढच्या शिमग्याला त्यानेच घोट घेऊन सांगितलं, साखर कमी पडली.

गणपतीचं जास्त अवघड आहे, कारण तिथे गाव नाही, घर आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ८ वा आणि १० वा अध्याय दोघांनी एकत्र बसून वाचा, घाई नको. मूर्ती म्हणजे काही नाही हे तो आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे त्या घरात गेलात तर काही चिकटेल-बिकटेल ही भीती डोक्यातून काढा. मग म्हणतो बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे तर खाऊ नका, आणि तेही तुमच्यासाठी नाही, सांगणाऱ्याच्या मनासाठी. मी त्याचा अर्थ असा लावतो की आरती झाल्यावर हातावर प्रसाद ठेवायला येतात तेव्हा हसून म्हणायचं, काकी प्रसाद नको, पण जेवायला बसणार हा मी. आणि खरंच बसायचं पंगतीला, घाईघाईत चार घास खाऊन उठायचं नाही. माझ्याहून कडक पाळक आहेत, ते म्हणतील त्या दिवसांत उंबराच ओलांडू नका. त्यांचा मान राखून सांगतो, त्यातले बरेचजण फ्लॅटमध्ये राहतात, दार बंद केलं की शेजारी संपला, आपल्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर जायचं असतं.

आता वाट्याचं. मिस्टरांना भावाशी बोलू दे, तुम्ही मध्ये पडू नका, आणि बोलायचं ते महिनाभर आधी, चतुर्थीच्या आदल्या रात्री चाकरमानी गाडीतून उतरत असताना नाही. मूर्ती, भटजी, पूजेचं सामान यात आम्हाला वाटा घालता येणार नाही, पण एवढी माणसं येतात त्यांचं जेवणखाण, तांदूळ-डाळ, गॅस, आणि पावसाआधी मूळ घराची शाकारणी होते तिचा खर्च आम्ही उचलतो, असं सरळ सांगायचं. आणि ही रक्कम नेहमीच्या वाट्यापेक्षा जास्त असू दे. पैसे वाचवायला देव सोडला हे बोलायला कुणाला जागाच ठेवू नका. शिवाय तुम्ही स्वतः चुलीपाशी जा. घरभर पाहुणे आणि घावने काढायला दोनच हात, जावांना तुमच्या आरतीपेक्षा त्याची काळजी जास्त असते, हे मी पुरुष असून लिहितोय.

दीर लगेच ऐकतीलच असं नाही. नाही ऐकलं तर यंदा जाऊ नका, भांडू पण नका, भातकापणीला मात्र दोघं विळे घेऊन हजर राहा, बोलावणं नसलं तरी.

(याच विषयावर दाभोळहून एक भाऊ विचारतात, वर्गणी द्यायची का. देवळाची नको, पाखाडीची (पायऱ्यांची वाट), साकवाची (ओढ्यावरचा लहान पूल), विहिरीच्या गाळाची द्या आणि यादीत वरच्या चार नावांत दिसेल इतकी द्या.)

चिपळूणहून एक वाचक: मी हिंदू आहे, बायको तुमचा अंक आणते म्हणून वाचतो. राग मानू नका पण लोक म्हणतात तुम्ही पैसे वाटून धर्म बदलता. खरं काय?

राग कसला दादा, तोंडावर विचारलंत हे बरं झालं, नाहीतर हा प्रश्न माझ्या पाठीमागेच फिरत असतो. आमच्या मंडळीचे पैसे म्हणजे रविवारची थैली, कोळणींच्या दहा-वीसच्या ओल्या नोटा, दोन नोकरीवाल्यांचा दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा. त्यातून भाडं, चटया, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचा रिक्षाखर्च. माझं घर दुकानावर चालतं. वाटायला पैसे असते तर आधी दुकानाचं छप्पर केलं असतं.

उलट कायद्याने बघितलं तर आमच्यात येणाऱ्याचं नुकसानच होतं बऱ्याचदा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे, ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे त्या दर्जावर मिळणारी मुलाची स्कॉलरशिप, नोकरीतली जागा, सगळ्यावर पाणी. हे मी बाप्तिस्म्याच्या आधी घरी जाऊन, नवराबायको दोघं असताना सांगतो, आणि सांगितल्यावर काहीजण मागे फिरतात, फिरू देत. काही पाळक सांगतात कागदावर राहू दे जुनंच, मला ते पटत नाही. पोटात एक ओठात एक ठेवून विश्वास सुरू करायचा तर मग कशाला करायचा.

घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानायचा, पाळायचा, सांगायचा हक्क दिलाय, पण सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच स्पष्ट केलंय की सांगायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचा धर्म बदलायचा हक्क नव्हे. मला त्यात अडचण वाटत नाही. मन बदलणं माझ्या हातात कुठे होतं आधी पण.

तरी एक कबूल करतो, आमच्यातले काही लोक गाड्या भरून येतात, ब्लँकेट वाटतात, प्रार्थना करून फोटो काढतात नि जातात, आणि पुढचं वर्षभर गावाचे टोमणे मी ऐकतो. तुमच्या चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा आमची पोरं चिखल काढायला आली होती, त्यांना एकच ताकीद होती, पिशवीत फक्त तांदूळ, मेणबत्त्या, फिनेल; बायबलची पुस्तिका एकही नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय प्रार्थना नाही. ज्याचं घर वाहून गेलंय तो नाही म्हणू शकत नाही, अशा माणसाला काय सुवार्ता सांगणार.

मंडणगडहून एक बहीण: सासूबाईंना बीपी आणि शुगर. मुंबईहून एक ब्रदर आले होते, त्यांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं तुम्ही बऱ्या झालात, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी गोळ्या बंद केल्यात. मी बोलले तर मीच अविश्वासू ठरते.

गोळ्या आजच्या आज सुरू करा, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता, आणि उद्या सरकारी दवाखान्यात नेऊन बीपी-शुगर मोजून घ्या, मध्ये खंड पडलाय हे डॉक्टरांना सांगा, डोस तेच ठरवतील. सासूबाईंना म्हणावं, लूक शुभवर्तमान लिहिणारा वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो कलस्सैच्या पत्रात, आणि आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून तोच पौल सांगतो. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं आहे, मी करतो, आमच्याकडे खोबरेलच असतं, पण त्या अध्यायात कुठेही औषध फेकून द्या लिहिलेलं नाही, दाखवा म्हणावं मला.

बरं होतं का प्रार्थनेने? मी बघितलंय होताना. न होताना पण बघितलंय आणि त्या घरी नंतर बसलोय. ते ब्रदर बसतील का सासूबाईंच्या उशाला, पॅरालिसिस झाला तर? त्यांचा नंबर असेल तर मला पाठवा.

आणि सगळ्यांसाठीच सांगतो, टीबीच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, कोर्स निदान सहा महिन्यांचा असतो. विंचू किंवा फुरसं चावलं तर प्रार्थना गाडीत बसून करायची, गाडी निघाल्यावर. कोकणातल्या लाल विंचवाने पूर्वी माणसं, विशेष करून लहान मुलं पटापट जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाची साधी बीपीची गोळी त्यावर वापरून दाखवली आणि कितीतरी जीव वाचले. मी त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतो, अगदी नाव घेऊन.

पुण्याहून एक तरुण: बायबल कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. कोकणात चर्च प्लांटिंगचं ओझं आहे मनावर. सर्व्हे फॉर्म तयार केलाय, तीन वर्षांत दहा मंडळ्या असं टार्गेट आहे. साउंड सिस्टीम किती वॉटची घेऊ? अजून काय तयारी करू?

भावा, साउंड सिस्टीम घेऊ नको. एसटीचं टाइमटेबल पाठ कर. संध्याकाळी सातची सभा ठेवशील आणि वरच्या वाडीची शेवटची गाडी साडेसहाला गेलेली असेल तर ज्यांच्यासाठी आलास तेच येणार नाहीत आणि तू मात्र मनं कठीण आहेत म्हणून रिपोर्ट लिहिशील. मनं नाही रे, रस्ता कठीण आहे, चढ आहे.

रविवार सकाळ साडेनऊ ही वेळ पुण्या-मुंबईची. हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा बायका टोपल्या घेऊन पाण्यात उभ्या असतात, रविवार बिविवार कुणाला नाही. आमच्या एका वाडीत उपासना दुपारी तीनला होते, एका ठिकाणी रात्री जेवणं उरकल्यावर, पडवीत. आंब्याच्या सीझनला पुरुष बागेत राखणीला, नाहीतर पेट्या भरायला, तेव्हा निम्म्या चटया रिकाम्या राहतात, मनाला लावून घ्यायचं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, लोक जाळी दुरुस्त करत बसतात, हेच आमचे वचन शिकायचे दिवस. एकदा जाळं शिवता शिवता योहानाचा २१ वा अध्याय वाचत होतो, पुनरुत्थानानंतर येशू किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो आणि जाळ्यात १५३ मोठे मासे असतात तो. त्या १५३ आकड्यावर विद्वानांनी काय काय अर्थ काढलेत, तुला कॉलेजात शिकवले असतीलच. आमचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, सुई न थांबवता म्हणाला, मोजले म्हणजे वाटे पडले असणार, बोटीला किती नि खलाशाला किती ते लिहिलंय का? त्यानंतर तासभर बोलणं झालं ते मालकाने खलाशाचा वाटा किती द्यावा यावर, आणि तिथे दोन मालक बसले होते. माझा तयार केलेला उपदेश तसाच वहीत राहिला.

दुसरं, हाताला धंदा असू दे. पौल करिंथात तंबू शिवायचा, प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आहे. जूनमध्ये पहिली वीज कडाडली की माझ्या दुकानात पंप, टीव्ही, मिक्सरची रांग लागते. मोटर खोलली की जळक्या वार्निशचा वास येतो, काळी पडलेली तार कापून काढायची, नवीन भरायची, वेळ लागतो, गिऱ्हाईक स्टुलावर बसून राहतं आणि मग हळूहळू बोलायला लागतं, पोराची मुंबईतली नोकरी गेली, बायकोचं ऑपरेशन सांगितलंय. मी ऐकतो आणि तार भरतो. बहुतेक वेळा प्रार्थनेचं नावसुद्धा काढत नाही. पण पाळकाचं पोट कशावर चालतं हे गावाला डोळ्यांनी दिसतं, चिपळूणच्या दादांनी वर विचारलंय त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळून जातं.

आणि टार्गेटचं. तुला माहिती असेल, स्कॉटिश मिशनचे लोक १८२३ साली आपल्या बाणकोटला उतरले, मग हर्णैला, गावोगाव शाळा काढल्या. ज्यांच्या नावाचं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकले ते हर्णैलाच. शिकले आणि मुंबईला गेले, पुढे मिशनचंही बस्तान पुण्या-मुंबईकडे हललं. त्यांना नावं ठेवत नाही, त्या काळी इथे पोचायचं तर गलबतं, साथी, डॉक्टर नाही. पण तुझे तीन वर्षांत दहा वाचून पहिला विचार हाच आला की चौथ्या वर्षी तू कुठे? ज्या पोराच्या बारशाला जाशील त्याच्या दहावीच्या पेढ्याला असशील का? असशील तर ये, एक मंडळी पण पुष्कळ. सर्व्हे फॉर्म घरी ठेवून ये, इथे फॉर्म दिसला की लोकांना वाटतं जमिनीची मोजणी आली.

खेडहून एक वहिनी: माझे मिस्टर चर्चला जातात. चांगलंच आहे, दारू सुटली. पण मी माझा देव्हारा हलवणार नाही. त्यांचे मित्र म्हणतात घरात दोन देव चालत नाहीत. तुम्ही पण तेच म्हणणार ना?

नाही म्हणणार. वहिनी, देव्हारा तुमचा, हात लावायचा तर तुमचाच, मिस्टरांनी किंवा त्यांच्या मित्रांनी तो हलवला तर मी स्वतः येऊन त्यांना ओरडेन. पौल स्पष्ट लिहितो की बायको विश्वासात नसली आणि नांदायला तयार असली तर नवऱ्याने तिला सोडू नये, ७ वा अध्याय, करिंथचंच पहिलं पत्र.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळक करजगावचे, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली वर्षं त्यांच्यासाठी सोपी नव्हती, आधी ताटातूट, मग एका घरात राहून सुद्धा त्यांचं सोवळं चालू. शेवटी आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या, स्वतःच्या डोक्याने विचार करून. तुम्ही याल की नाही मला माहीत नाही, न आलात तरी मिस्टरांना रविवारी पाठवत जा, आणि दारू खरंच सुटलीय की लपून चालू आहे ते मला तुमच्याकडूनच कळेल, त्यांच्याकडून नाही.

श्रीवर्धनहून एक भाऊ: वडील थकलेत. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, दफनभूमी नाही. वेळ आली तर काय?

वेळ यायच्या आधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत तहसीलदारांना. जवळपास जुनी दफनभूमी असेल, कॅथलिक का असेना, तिथल्या फादरना आत्ताच भेटून ठेवा, मयत दारात असताना कागद हलत नाहीत, भांडणं मात्र होतात. स्वतःच्या जागेत पुरायचं असेल तरी परवानगी आधी विचारा. काहीच जमलं नाही आणि भाऊबंद स्मशानात दहन करू म्हणाले तर करा, पुनरुत्थान करणाऱ्याला राखेची अडचण नाही. वडिलांना मात्र आजच विचारा त्यांना काय हवंय. आपण सगळं ठरवतो नि त्यांनाच विचारायचं राहतं.

मुंबईहून एक जोडी: आमचं गाव मुरुड, दापोलीजवळचं. मे महिन्यात बीचवर, सूर्य मावळताना लग्न लावायचं आहे. लावाल का?

आनंदाने, पण १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा सांगतो की लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आत लागलं पाहिजे, सूट आहे ती खास परवान्याची आणि ठराविक चर्चच्या धर्मगुरूंना, माझ्यासारख्याला नाही. मे मध्ये आपल्याकडे सूर्य बुडतो तोच मुळी सातच्या आसपास. तुमचं वऱ्हाड मुंबई-गोवा हायवेने येणार, म्हणजे वेळेवर येणार नाही. डिसेंबरात घ्या, तेव्हा सहाच्या सुमाराला मावळतो, हवा पण बरी. नोटीस आधी द्यावी लागेल, दोघांचे वयाचे दाखले आणि माझ्याशिवाय दोन साक्षीदार. भरतीची वेळ बघून तारीख धरा, खुर्च्या मी सांगेन तिथेच लावा, आणि माइक भाड्याने घेऊ नका, दुकानात आहे एक.